मावशीचा डूख

आमच्या आश्रमशाळेची स्वयंपाकीण मावशी कुणालाही माफ करत नसे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तिच्या हाताला चव होती, लहान पोरांवर तिची माया होती, पण सूर्यमाळच्या डोंगराच्या अंगाच्या त्या सगळ्या पाड्यांत ती ओळखली जायची ती मनात धरलेल्या डूखामुळे. एका पावसाळ्यात एसटीच्या कंडक्टरने तिने हात दाखवूनही गाडी थांबवली नव्हती. तेव्हापासून तो ज्या गाडीवर असेल त्या गाडीत ती चढत नसे. गाडी समोर उभी असायची, आम्ही खिडकीतून हाका मारायचो, तो कंडक्टर बिचारा दार उघडून "या ओ मावशी" म्हणायचा. ती डोक्यावरची पाटी सावरून चालू लागायची. "त्यानं नाय थांबवली. आता मी नाय थांबत," एवढंच तिचं म्हणणं.

कुणी लागट बोललं तर ती भांडत नसे. "ठेवलं मी," म्हणायची आणि पुन्हा परातीत हात घालायची. आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर तिच्या भाकरीला नाव ठेवलं होतं. त्यानंतर सर शाळेत होते तोवर त्यांच्या ताटात कायम पहिली भाकर पडली, तवा नीट तापण्याआधीची. सरांना कारण कधी कळलं नाही. मी हसले की मावशी गंभीरपणे म्हणायची, "बाई, विसरायला माणसाकडं पुष्कळ जागा लागते. माझ्याकडं नाय तेवढी."

तिला शेत नव्हतं. नवरा फार पूर्वी निघून गेला होता. तिला होता एक धाकटा भाऊ, लाडक्या. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. तो ठाण्याला इमारतींवर स्लॅबच्या कामाला जायचा आणि होळीला आला की बहिणीशी मुद्दाम हिंदी बोलायचा. "दीदी, खाना लगाव." ती खोटं खोटं रागवायची आणि त्याच्यासाठी वरईचा भात वेगळा काढून ठेवायची. माझ्या माहितीत त्या एकट्याचं तिने काही ठेवलेलं नव्हतं. तो दोनदा तिला न सांगता कामाला निघून गेला होता आणि एकदा तिची कोंबडी मित्रांना खाऊ घातली होती, तरी नाही.

साथ आली तेव्हा लाडक्या ठाण्याहून चालत घरी आला. दुसऱ्या वर्षी कामं थोडी सुरू झाली, तसा ठेकेदाराचा निरोप आला की सुई घेतलेलीच माणसं घेणार. आमच्याकडे लसीला सुईच म्हणत. पाड्यावर बाकी बहुतेक सुईला घाबरत होते, पण लाडक्याला ती हवी होती. त्याच्या वयाच्या लोकांना मात्र मोबाइलवर आधी नंबर लावावा लागे. आमच्या शाळेत रेंज नाही. आम्ही दोघं मागच्या टेकडीवर चढायचो, मी माझ्या फोनवर त्याचं नाव भरायचे, ओटीपी यायला इतका वेळ लागायचा की तोवर सगळ्या जागा भरलेल्या असायच्या. लाडक्या म्हणायचा, "बाई, कोण हाय एवढा चपळ?"

तो चपळ माणूस कोण, ते मला लवकरच दिसलं. शाळा बंद होत्या, आम्हा शिक्षकांना लसीकरणाच्या कामाला लावलं होतं. मी केंद्राच्या दारात माणसं रांगेत उभी करत होते. सकाळपासून आवारात गाड्या येऊन लागल्या. सगळ्या ठाण्या-मुंबईच्या. गॉगल लावलेली, पाण्याच्या बाटल्या घेतलेली तरुण मंडळी उतरली, फोनवरचा निरोप दाखवून आत गेली, दंड दाबत बाहेर आली. पाड्यावरून चालत आलेली आमची माणसं झाडाखाली बसून बघत होती. लाडक्या त्यांत होता. आतल्या माणसाने त्याला सांगितलं, "नंबर नसेल तर उपयोग नाही, आजचा सगळा माल बुक आहे." पुढच्या खेपेलाही हेच झालं. त्या दिवशी तो परत निघाला तेव्हा गाडीतल्या एकीने काच खाली करून त्याला धबधब्याचा रस्ता विचारला. त्याने नीट सांगितला, वळण कुठे आहे ते हात करून दाखवलं.

या गाड्या आपोआप येत नव्हत्या. जव्हारच्या अलीकडे रस्त्याला लागून एक रिसॉर्ट होतं. त्याच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. त्याच्याकडे वायफाय होतं आणि दिवसभर तेच काम करणारी माणसं होती. जागा उघडल्या की ती शहरातल्या ओळखीच्यांची नावं भरून टाकत. पाहुणे यायचे, सुई घ्यायचे, रिसॉर्टवर जेवायचे, संध्याकाळी परत. आणि तिथे नागलीच्या भाकरी भाजायला होती आमची मावशी. शाळेचं स्वयंपाकघर बंद, पोट चालू, म्हणून ती जनी नावाच्या शेजारणीला घेऊन तिथे कामाला लागली होती. पाहुणे तिच्या भाकरीचे फोटो काढत. "इथे गर्दी नाही, काही नाही, पटकन झालं," असं एक जण फोनवर कुणाला तरी सांगताना तिने ऐकलं होतं. काय पटकन झालं, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

लाडक्याला ताप आला आणि आठवड्याच्या आत तो गेला. सरकारी दवाखान्यात खाट मिळाली होती, प्राणवायूही मिळाला होता. डॉक्टर तरुण होते, स्वतः थकून गेलेले. ते मावशीला म्हणाले, "एका डोसने वाचला असता असं सांगता येत नाही, मावशी. मनाला लावून घेऊ नका." मावशीने ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते नाय विचारलं मी, साहेब. नंबर त्याचा होता का नाय, तेवढं सांगा." डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

त्याचं उत्तर मीच तिला दिलं. लाडक्याचे दिवस झाल्यावर मी तिच्या घरी गेले होते. तिने विचारलं आणि मी वायफायपासून सगळं सांगितलं. ती अंगणातल्या चुलीजवळ बसली होती. चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "म्हंजे ज्यांना मी भाकर वाढली, ते?"

"हो."

"लाडक्या झाडाखाली बसला होता तवा?"

"हो, मावशी."

"ठेवलं मी," ती म्हणाली. तोच शब्द, पण मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती रिसॉर्टवर कामाला गेली. हे मला जनीने सांगितलं. पाहुणे येऊन बसले होते. मावशीने पीठ मळलं, तवा ठेवला आणि नुसती बघत राहिली. जनी म्हणाली, तिचा चेहरा बघून मला वाटलं ही आता काय करते. नंतर मी मावशीला स्पष्टच विचारलं तेव्हा तिने लपवलं नाही. "आलं होतं मनात. रानात काय कमी पाला हाय? पण अन्न नाय बाटवायचं. अन्नानं लाडक्याचं काय वाईट केलं होतं?" त्या दिवशी तिने उठून पाण्याचा हंडा उचलला आणि पेटत्या चुलीत ओतला. धूर जेवणाऱ्यांपर्यंत गेला. शेठ धावत आला. "मावशी, काय झालं?"

"माझा भाऊ गेला."

"अरेरे. कसा काय?"

"त्याची सुई तू पाव्हण्यांना दिलीस."

जनी म्हणाली, अंगावर काटा आला तो या 'तू'मुळे. तोवर मावशीने शेठला कधी अरेतुरे केलं नव्हतं. शेठ म्हणाला, त्याने नियमाबाहेर काही केलेलं नाही, ऑनलाइन होतं, ज्याला मिळालं त्याला मिळालं. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. मावशी पदराला हात पुसून घरी आली.

पुढे लस भरपूर येऊ लागली आणि आमची पथकं पाड्यांवर जाऊ लागली. आता अडचण उलटी झाली. गाडी दिसली की माणसं रानात पळायची. सुईने माणूस मरतो, पुरुषाला पोर होत नाही, अशा गोष्टी सगळीकडे पसरलेल्या. आम्ही पत्रकं वाचायचो, डॉक्टर समजावायचे, अंगणं रिकामीच राहायची. एक दिवस मावशी आमच्या गाडीत येऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या पाड्यावर उतरून ती आवाराच्या मधोमध उभी राहिली आणि रानाकडे तोंड करून बोलू लागली.

"नका घेऊ. बसा तिकडंच. तुमची सुई उरंल, उद्या ठाण्याचा गाडीवाला येऊन टोचून घेईल, वर तुमच्याच बाईच्या हातची भाकर खाऊन जाईल. लाडक्या मागत होता, त्याला नाय दिली. तुम्हाला देतायत तर तुम्ही त्यांच्यासाठी ठेवताय."

मग एक म्हातारा झाडामागून आला आणि बाही वर करून म्हणाला, "टोच. त्याला नाय द्यायची."

त्या पावसाळ्यात मावशी आमच्याबरोबर पाड्यापाड्यांवर हिंडली. पोशेरा गावाच्या बाजूला तिचं माहेरचं गोत होतं, तिथेही तिने आम्हाला नेलं. आरोग्याचं ती एक अक्षर बोलायची नाही. साथ, लस, प्रतिकारशक्ती हे आमचे शब्द. तिचा एकच मुद्दा, त्यांना एकही मिळता कामा नये. पथकातल्या सिस्टर मला हळूच म्हणाल्या, "बाई, हे लिहायचं तरी कसं? लोक रागाने लस घेतायत." मी म्हटलं, घेतायत ना?

नंतर ती रिसॉर्टकडे वळली. पाड्यांवर जाताना ती बायकांशी बोलून ठेवत होतीच. दिवाळीनंतर शेठकडे भाकरीला बाई मिळेना. पाहुण्यांसमोर तारपा वाजवायला जाणारे जाईनासे झाले. दूध बंद झालं. शेठने बाहेरून माणसं आणली. मग उन्हाळा आला. त्याचा टँकर ज्या विहिरीवर भरायचा ती विहीर पाड्याची होती. ग्रामसभेत मावशी उठली. आयुष्यात पहिल्यांदाच उठली असावी, कारण कुठे तोंड करून बोलायचं ते तिला कळेना. शेवटी भिंतीकडे बघून म्हणाली, "विहीर आपली हाय. आपला नंबर पयला." टँकर बंद झाला.

याची किंमत शेठ एकट्याने मोजली नाही. जनीला तीन पोरं होती आणि तिचं घर त्या रिसॉर्टवर चालत होतं. ती भर अंगणात मावशीला म्हणाली, "तुझ्या भावापायी माझी चूल का विझवतेस?" जनी पोरांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. ज्या सकाळी मुकादमाचा ट्रक आला, त्या सकाळी मावशी रस्त्यापर्यंत तिचं गाठोडं डोक्यावर घेऊन गेली. जनीने तिच्याकडे पाहिलं नाही. परत आल्यावर मावशी मला म्हणाली, "तिनं माझं ठेवलं असंल आता. बरोबर हाय तिचं."

"मग सोडून द्या की आता, मावशी."

"ते माझ्या माथी हाय, ते मी भोगीन. पण त्याचं सोडायचं नाय."

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी शेठ तिच्या दारात आला. मी तिथेच होते. चेहरा पार उतरला होता. उन्हातून आलेला, पण मावशीने पाणी विचारलं नाही. आमच्या भागात याहून मोठा अपमान नाही. तो उभ्यानेच रिसॉर्ट कसं बुडालं ते सांगत राहिला, माफ करा म्हणाला आणि मग, "मावशी, त्याच लाटेत माझी आईपण गेली. मला काय दुःख नाही का?"

मावशीने मान वर केली. "तिला सुई मिळाली होती?"

"हो. दोन्ही मिळाल्या होत्या."

"मग तुझं दुःख येगळं," ती म्हणाली.

तो गेला. मी काहीतरी बोलणार होते, क्षमेबद्दल, जे आम्ही पोरांना परिपाठात शिकवतो. मावशीने हात केला. "तुम्ही शिकवा, बाई. शिकवायला पायजेच. पण पोरांना हेपण सांगा, की माफी मागायला आलेला माणूस आपली चूक सांगत नव्हता. आपलं रिसॉर्ट सांगत होता." नंतर मी आठवून पाहिलं. खरंच, लाडक्याचं नाव तो एकदाही बोलला नव्हता.

त्या पावसाळ्यात शेठ सगळं विकून निघून गेला. मावशीने सण केला नाही, हसलीही नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या पंक्ती उठवत राहिली. हळूहळू तिला कमी दिसू लागलं, तवा हाताने चाचपायला लागली, बोटं भाजू लागली.

आता मावशी नाही. माझी बदली झाल्यावर वर्षभराच्या आत ती गेली, झोपेतच, आणि मला ते उशिरा कळलं. आमचा शेवटचा प्रवास तिच्या मोतीबिंदूसाठी जव्हारला झाला. वडापच्या जीपमध्ये ती खिडकीशी बसली होती. रिसॉर्टच्या फाटकासमोर कुणाला तरी उतरायचं होतं, जीप थांबली. फाटकाला नवा रंग होता, आत गाड्या होत्या. नवा मालक नाशिककडचा कुणी होता. मावशीने विचारलं, "फाटक बंद हाय ना?"

"बंद आहे," मी म्हटलं.

तिने खिडकीबाहेर तोंड काढलं. "खोटं सांगता, बाई. भाकर भाजल्याचा वास येतोय."

मग मला सांगावं लागलं. मालक नवा आहे. जनी भट्टीवरून परत आली आहे, तिथेच राहते आणि स्वयंपाक करते.

"जनी?"

"हो."

"पोरं संगं हायत तिच्या?"

"मोठी दोघं आपल्याच शाळेत आहेत, मावशी. तुम्हीच वाढता त्यांना, तुम्हाला दिसत नाही आणि ती सांगत नाहीत."

"शेठ गेला ना पण? नक्की?"

"गेला."

"मग भाजू दे तिला," मावशी म्हणाली, आणि जीप हलेपर्यंत पदर नाकाला घट्ट लावून बसली.