एकबारकाकांचा दाणा

एकबारकाका ज्वारीचा दाणा निवडायला बसले की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. सूपभर ज्वारी पुढ्यात घ्यायची, एक दाणा उचलायचा, उजेडाकडे धरायचा, तळहातावर घरंगळवायचा आणि परत सुपात टाकायचा. मोती पारखणारा सोनारसुद्धा याहून घाई करत असेल. आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर तो एक दाणा बंदुकीच्या नळीच्या टोकावर चिकटवायला.

काका आमचे धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून असलेले शेतकरी. संग्रामपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव, त्यामुळे रानडुकरं आमच्याकडे पाहुण्यांसारखी नाही, घरच्यांसारखी येतात. काकांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची जुनी बंदूक होती. तिच्या टोकाला पितळेचा बारीक मणी होता. त्याला आम्ही माशी म्हणतो. नेम धरायचा तो त्या माशीवरून. पण डुकरं येतात झुंजूमुंजू व्हायच्या वेळेला, धुई पडलेली असते आणि काळपटलेली पितळी माशी तेव्हा कोणाच्या बापाला दिसत नाही. म्हणून काका तिच्यावर बाभळीच्या डिंकानं ज्वारीचा पांढरा दाणा बसवत. वनखात्याचा कागद हातात असल्याशिवाय जनावरावर बार काढत नसत, आणि काढला तर एकच. दुसरं काडतूस वापरायची वेळ आली असं कोणी सांगत नाही. नाव पडलं ते त्यावरून.

दाण्याबद्दल त्यांचे नियम होते. दाणा पांढरा हवा, पण चमकणारा नको. "चमकला की डोया त्याच्यातच अटकते," असं ते म्हणत. मोठा नको, कारण मोठ्या दाण्यामागे अख्खं डुक्कर झाकून जातं. मी लहानपणी एकदा त्यांच्या बंदुकीवरून पाहत होतो, तेव्हा पाठीत धपाटा घालून म्हणाले, "दाना काय पाह्यतं बे? पयले जनावर पाह्य. दान्याकडंच पाहत बसशीन तं डुक्कर जेवून, हात धुऊन घरी जाईन." माझे बाबा शेजारी बसून पोट धरून हसले. मला ते हसणं तेव्हाही आवडलं नव्हतं.

आता सांगूनच टाकतो. मी या माणसावर वीसएक वर्षं जळलो. त्यांच्या नेमावर नाही, माझ्या बाबांवरून. आमच्या भागात ज्वारी मागे पडली, सगळीकडे सोयाबीन झालं, पण बाबा काकांच्या बाजूच्या धुऱ्याला चार तास, म्हणजे चार ओळी, ज्वारीचे पेरायचेच. तेही हळवं वाण, दसऱ्याच्या आत पिकणारं. कारण दसऱ्याला काका बंदुकीची पूजा करत आणि आदल्या दिवशी नवा दाणा बसवत. बाबांनी माझ्यासाठी आयुष्यात चार तास काही पेरलं असेल तर मला आठवत नाही. मला मिरची लावायची होती तेव्हा म्हणाले, "जागा कुठं हाये?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोघं लिंबाखाली बसत. सूप बाबांच्या मांडीवर. काका दाणा उचलत, फिरवत आणि शेवटी बाबांपुढे धरत, "नाना, हाच ना?" बाबा जवळ घेऊन पाहत. कधी मान हलवून परत टाकत, कधी म्हणत, "हाव, हाच." मग तो दाणा पक्का. मला वाटे, केवढी ही खुशामत. नेम त्यांचा, बंदूक त्यांची, आणि आमचा बाप सूप धरून बसलाय. मी सोयाबीनची थप्पी लावायचं निमित्त करून तिथंच घुटमळत राही आणि आतल्या आत भाजत राही.

पुढे बाबांचं वय झालं आणि त्यांच्या नावावर होती त्या घरच्या बंदुकीचा परवाना माझ्या नावावर झाला. मी ठरवलं, आता दाखवतोच. शहरातल्या दुकानातून बंदुकीवर बसणारी काच आणली. सेलवर चालणारी, आत लाल ठिपका दिसतो, ठिपका जिथे तिथे नेम. घरी आल्यावर ती बसवली आणि बाबांना ऐटीत म्हणालो, "आता तुम्हाला पहाटे उठायची गरज नाही. माझं मी पाहतो. तुम्ही झोपा निवांत." बाबा काच हातात घेऊन पाहत राहिले. म्हणाले, "चांगली हाये." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, घोंगडी खांद्यावर टाकून काकांच्या मचाणावर जाऊन बसले.

त्याच थंडीत डुकरांचा कळप माझ्या मक्यात शिरला. मी काच डोळ्याला लावली तर दहिवरानं ती पांढरीफटक झालेली. पुसली, तर लाल ठिपका गायब. सेलनं थंडीत मान टाकलेली. तोवर पलीकडून काकांचा एक बार झाला आणि सगळी डुकरं नाल्याकडे पळाली. काका धुऱ्यावर येऊन म्हणाले, "गजू, तुया टीव्हीवर काई दिसलं काय रे?" बाबा त्यांच्या मागेच उभे होते आणि खुदुखुदू हसत होते. मी काच काढून पेटीत टाकली. तिचा राग मला आला नाही, त्या दोघांचा आला.

शेवटची चार-पाच वर्षं काका हवेतच बार काढू लागले. कागद असला तरी जनावर मारत नसत. "आवाजानं गेलं तं जीव काऊन घ्याचा?" असं म्हणत. बाबा घरी येऊन मला ऐकवत, "याले म्हंतात मोठं मन." म्हणजे आता नेमाबरोबर मनाच्या बाबतीतही मी हरलो. निवडणूक लागली की आमच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. काका जमा करण्याआधी नखानं दाणा काढून बंडीच्या खिशात टाकत. जमादारानं विचारलं तर सांगत, "साहेब, सरकारले बंदूक देल्ली. नजर नाई देल्ली." आणि मग आमच्या बाबांकडे पाहून डोळा मारत.

चैत्रात बाबा गेले. तेराव्या दिवसापर्यंत काका रोज आमच्या ओसरीवर येऊन बसत. माझ्या डोळ्यांतलं पाणी खळेना, पण तेव्हाही मनात आलं की हा माणूस माझ्याच बाबांसाठी माझ्याहून जास्त दुःख करतोय आणि लोकही त्यालाच धीर देतायत. असा मी. त्या मृगात पेरणीचं ट्रॅक्टर आलं तेव्हा ड्रायव्हरनं विचारलं, "धुऱ्याचे चार तास सोडायचे ना, दरवर्षीसारखे?" मी म्हणालो, "नको. धुऱ्यापर्यंत सोयाबीन घे." विसरून नाही, समजून उमजून सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काका आले. हातात धुतलेला पांढरा रुमाल, दाणा बांधून न्यायला. धुऱ्यावर बराच वेळ उभे राहिले, मग वाकून हातानं चाचपून पाहिलं. मी मोटारीच्या खोपटात पाना घेऊन उगाच एक नट फिरवत होतो.

"गजू, यंदा ज्वारी नाई पेरली काय?"

"परवडत नाही काका."

"हाव, थे बी खरंच हाये."

"किराण्यात मिळते ना ज्वारी. हवी तेवढी."

"भेटते," ते म्हणाले. "पन थ्यातला कोनता घ्याचा, हे कोनाले इचारू?"

मी नट फिरवत राहिलो. ते रुमालाची घडी घालून गेले. दोनच घटका मला बरं वाटलं.

त्या हिवाळ्यात काका मचाणावर दिसले नाहीत. निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा केली ती त्यांनी परत आणलीच नाही. पुढच्या वैशाखात तेही गेले, दोन दिवस ताप आला आणि संपलं. भेटायला गेलो तेव्हा काकूंना सहज म्हणालो, "एवढा नेमाचा माणूस, बंदूक काऊन सोडली?"

काकू म्हणाल्या, "कायचा नेम बापू. डोयात मोतीबिंदू होता त्याइच्या, चार-पाच सालापासून. ऑपरेशनले भेत होते. कोनाले सांगतलं नाई, परवाना जाईन म्हनून. तुमच्या बाबालेच तेवढं माईत होतं. दाना थेच निवडत, डुक्कर कुठून आलं थेच सांगत, अन् हे वरतं बार काढत. मी म्हनलं होतं नानाले, पोराच्या मचानावर जात जा ना. तं म्हने, 'त्याले माही गरज नाई, त्याच्याजवय काच हाये.'"

बाबांना झोपा निवांत म्हणणारा मीच होतो. जिथे त्यांच्या डोळ्यांचं काम होतं तिथे ते गेले. आणि बाबा गेल्यावर त्या म्हाताऱ्यानं चाचपून शोधली ती ज्वारीसुद्धा मीच पेरू दिली नव्हती.

यंदा मृगात मी धुऱ्याला चार तास ज्वारी पेरली, हळवी. पाखरांनी खाल्ली ती खाल्ली, सूपभर उरली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरची बंदूक काढली, लिंबाखाली सूप घेऊन बसलो. पांढरा, न चमकणारा, लहानसा असा एक दाणा निवडला आणि बायकोला हाक मारली. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मले तं सारेच सारके दिसतेत."

तिचं काही चुकलं नाही. मी तो दाणा डिंकानं माशीवर बसवला. काका गेले, बाबा गेले, तरी माझं जळणं गेलेलं नाही. दाणा पुढे केला की "हाव, हाच" म्हणणारं कोणीतरी काकांच्या शेजारी बसलेलं होतं.