हातबोशी

शनिवारी सकाळी शेजारच्या दीनाबाईंबरोबर मी त्यांच्या प्रार्थनालयात गेले. आमच्या गावात आता बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. दीनाबाईंची लेक तिकडे इस्राएलमध्ये, युद्धाच्या तोंडाशी. पण शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावले की बाई शनिवारी अंधार पडेपर्यंत फोनला हात लावत नाहीत. रात्रभर लेकीची खबर नाही. वाटेत मी चिडून म्हटलं, "देव एवढा कडक कशाला?"

"कडक कुठला? एक दिवस बातम्यांपासून सुटका देतो, बाई."

हिब्रू मला कळत नाही. पण शेवटी म्हातारे शलोमकाका मराठीत म्हणाले, "देवा, मुलांना निवांत झोपू दे. आपल्याही आणि पलीकडच्यांच्याही." दीनाबाईंचं 'आमेन' सगळ्यांत मोठं होतं.

मग हातबोशी, हातातून हातात शांती देण्याची त्यांची रीत. काकांनी शेजाऱ्याचा हात दोन्ही तळव्यांत धरला, सोडला, आणि दोघांनी आपापली बोटं ओठांना लावली. शेजाऱ्याने ते पुढच्याला दिलं. असं बाकाबाकांवरून ते आम्हा बायकांपर्यंत आलं. मी त्यांच्यातली नव्हे. मी हात मांडीवरच ठेवले होते. दीनाबाईंनी ते उचलून घेतले. त्यांचे तळवे गार होते. स्वतःजवळ नसलेली शांती ही बाई मला देत होती.

घरी हे टीव्हीसमोर बसून त्याच युद्धावर तावातावाने बोलत होते. मी जवळ जाऊन त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"हे काय?"

"दीनाबाईंनी दिलंय. अडवून ठेवायचं नसतं."