निरांजनापुढचा पाऊण तास

श्रीगजाननास वंदन करून, आजच्या संकष्टीनिमित्त, जपानमधील उरायासु शहरातील आमच्या एका शेजारणीविषयी लिहितो. त्यांची कन्या होक्काइदो बेटाच्या उत्तर टोकाकडील दोन लहान विमानतळांदरम्यान विमान चालवते. अंतर थोडे, उड्डाण पाऊण तासाचे. तेवढा वेळ बाई देवापुढे निरांजन लावून उभ्याच राहतात. काल मी तेथेच होतो. तास उलटला, तरी निरोप येईना. अखेर फोन वाजला.

"आई, बर्फामुळे उतरताच येईना. विमान माघारी आणलं. प्रवासी चिडलेत गं."

"चिडू देत! सगळे सुखरूप ना? मग पोहोचलीसच तू."

एवढे बोलून बाई खाली बसल्या. "शास्त्रीबुवा, थांबा हं, शिरा करते."

वाचकहो, आपल्या घरच्यांनाही वेळेवर माघारी फिरण्याची सुबुद्धी आणि परतल्यावर असेच स्वागत लाभो.