वाळा की दवणा

मोमिनाबादच्या, म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या, उत्तरेश्वर अत्तरवाल्याला आपल्या नाकाचा भारी ताठा. दुसऱ्याचं अत्तर हुंगायचं आणि चारचौघांत भेसळ काढून मोकळं व्हायचं, असा खाक्या. मानमोडीच्या, म्हणजे १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीच्या, तापातून तो वाचला, पण वास गेला तो गेलाच. हे फक्त त्याच्या बायकोला, कौशल्याबाईला ठाऊक. घरी तीच हुंगून माल निवडायची, त्याला ओळखता यावं म्हणून कुप्यांना रंगीत दोरे बांधायची आणि हा बाहेर तोरा मिरवायचा. ही गोष्ट फुटली असती तर त्याच्याकडून थेंबभर अत्तर कुणी घेतलं नसतं.

पुढच्या चैत्रात घाटनांदूरच्या देशमुखीणबाईंचा, सुंदरबाईंचा, निरोप आला. वैशाखात लेकीचं लग्न, मांडवात उन्हाची काहिली. पाहुण्यांना वाळा लावावा की दवणा? पुरुषमाणूस म्हणून उत्तरेश्वर त्यांच्या वाड्याच्या ओसरीवरच बसला आणि दोन फाये भिजवून तबकातून आत पाठवले.

तबक परत आलं. सुंदरबाई दाराआडून म्हणाल्या, वरचा फाया सगळ्यांना पसंत आहे, पण हातोहात फिरून कुठला कोणता ते कळेना. तुम्हीच हुंगून सांगा आणि तेवढंच अत्तर द्या.

त्याने फाया उचलला, सवयीने डोळे मिटले. काहीच नाही. कापसावर रंगही सारखाच दिसत होता. उन्हाळ्यात लोक वाळाच मागतात, वाळा म्हणून टाकावं, असं जिभेवर आलं. चुकलं तर लग्नाच्या मांडवात अब्रू जाणार होती. त्याने फाया तबकात परत ठेवला.

"बाई, मला वास येत न्हाई," तो म्हणाला. "तापापासून न्हाई."

"मग तवापासून माल कोण निवडतंय?" सुंदरबाईंनी दाराआडून विचारलं.

"आमच्या घरातली."

"तिला आणा."

तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून त्याच्याबरोबर कौशल्याबाई आली. ज्या उंबऱ्याच्या आत उत्तरेश्वर कधी गेला नव्हता, तो ओलांडून ती सरळ आत गेली. तोच फाया नाकाशी धरून ती लगेच म्हणाली, "दवना हाय ह्यो."

मग बायकांनी तिला काय काय विचारलं आणि ती सांगत बसली. ओसरीवर अत्तराची पेटी सांभाळत उत्तरेश्वर ऐकत होता. आपल्या बायकोचा आवाज इतका खणखणीत आहे हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि त्याला लाज वाटली.