एकाच मापाच्या गोळ्या

ग्रीन कार्ड आल्यावर मी चँडलर गावातल्या एका दुकानात पहिलं पिस्तूल घ्यायला गेलो होतो. शेजारी उभे असलेले काका दुसरं घ्यायला आले होते. मी फोनवर बायकोशी मराठीत बोललो, ते त्यांनी ऐकलं आणि नाव-गाव न विचारताच मला सल्ला द्यायला लागले.

सत्तरीचे असतील, रिटायर्ड इंजिनिअर. बाजारात दुधी पारखावा तसं प्रत्येक पिस्तूल हातात जोखायचे, चष्मा कपाळावर सरकवून नळी न्याहाळायचे आणि रुमालाने पुसून परत द्यायचे. सेल्समन त्यांना वेगळ्या कॅलिबरचं मॉडेल गळ्यात मारायला बघत होता. काका नुसती मान हलवत होते.

"दुसरं पहिल्याच्याच मापाचं घ्यावं," ते मला म्हणाले. "गोळ्यांचा एकच डबा दोन्हींना चालतो. शिवाय आमच्या शेजाऱ्याकडेही हेच माप आहे. अडीनडीला वाटीभर मागून आणता येतात."

"पण काका, दोन कशाला?"

"एक वरच्या बेडरूममध्ये आहे. आता जिना चढताना गुडघे दुखतात, म्हणून एक खाली."

"एवढी भीती कोणाची वाटते?"

दुकानात आमच्याशिवाय मराठी कळणारं कोणीच नव्हतं. तरी काकांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"त्या शेजाऱ्याचीच."

गाडीत बसल्यावर मी एकटाच बराच वेळ हसत होतो. बाजूच्या सीटवर माझं नवीन पिस्तूल होतं, काकांनी सांगितलेल्या मापाचं.