जावईबापूंचा मोकळा गळा

माझं एक हाय, मी कुणावर पटकन इस्वास ठेवत न्हाई. डोळ्यापुढं धार काढली तरी मी आधी भांड्यात हात घालून बघते, तळाला पाणी तर न्हाई. लोक म्हणतात, भागम्मा लय शकी बाई. असू दे. ताडकळसच्या बाजारात आमचं दुकान इतकी वर्षं चाललं, ते काय भोळेपणावर चाललं का?

तर आमचे जावई. रेवणसिद्ध नाव. परभणीला कापडाचं दुकान, अंगानं उंच, सडपातळ, बोलायला गोड. गोड बोलणारा माणूस मला आधीच खुपतो. लेकीला, सिद्धम्माला, तिथं दिली ती आमच्या ह्यांनी, मन्मथअप्पांनी, घर बघून. मी म्हणलं होतं, घर बघितलं, माणूस बघितला का? पण बाईचं कोण ऐकतंय.

निजामाचं राज्य होतं. त्या साली सगळ्या मुलखातल्या टोळ्यांचे क्रिकेटचे सामने चालले होते, रणजीचे म्हणतात ते, आन् आपली हैदराबादची टोळी पार शेवटच्या सामन्यापर्यंत गेलती. मला ह्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला एवढंच दिसायलं होतं की दिवाळी झाल्यापासून जावई उठसूट हैदराबादला जायलेत. विचारलं की म्हणायचे, माल आणायला. आन् येताना हात हलवत. कापडवाला हैदराबादला जातो आन् साधा एक तागा न आणता येतो, हे कुणाला पटावं?

संक्रांतीला लेक माहेरी आली. जावई तिला सोडायला आले, मुक्काम केला, आन् धुण्यात त्यांची विजार माझ्या हाताला लागली. मांडीवर लाल डाग, घासून घासून बसलेला. पान म्हणावं तर हा माणूस पान खात न्हाई. रगत म्हणावं तर काळं पडलं असतं. वास घेऊन बघितला. मग मनात आलं, कुंकू तर नसंल? हैदराबादला बाई हाय! सिद्धम्मा अंगणात हसत तिळगूळ वाटायली होती. तिला काही बोलले न्हाई.

जावई गेले तशी मी ह्यांच्या मागं भुणभुण लावली. शेवटी बाजाराचं निमित्त काढून आमी दोघं बैलगाडीनं परभणीला गेलो. दुकानाला कुलूप. शेजारचा लिंबाजी शिंपी म्हणला, रेवणअप्पा ठेसनामागच्या मैदानात असतील, दुसरीकडं कुठं जातेत! असं म्हणून हसला. त्याचं ते हसणं मला आवडलं न्हाई.

मैदानात बघतो तर जावई एकटेच. तीन काठ्या जमिनीत रोवलेल्या. लांबून पळत यायचं, हात गरकन फिरवायचा, लाल चेंडू काठ्यांवर सोडायचा, मग स्वतःच जाऊन आणायचा, विजारीवर घासायचा आन् पुन्हा पळायचं. डागाचा उलगडा झाला. मला हलकं वाटलं, चला, बाई न्हाई, नुसतं खूळ हाय. तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "गळ्याकडं बघ."

सदऱ्याच्या गुंड्या पोटापर्यंत सोडलेल्या होत्या. गळा मोकळा, छाती मोकळी. लिंग नव्हतं.

आमी लिंगायत. आमच्यात पोर जन्मलं की गळ्यात शिवाचं लिंग पडतं, ते मातीत जाईस्तोवर अंगावरून उतरत न्हाई. अंघोळीला न्हाई, झोपताना न्हाई. ज्यानं उतरवलं तो आमच्यातला राहिला न्हाई. त्याच्या पंगतीला कुणी बसत न्हाई, त्याच्या घरात लेक ठेवत न्हाईत. बाई असती तर भांडून सोडवता आलं असतं. हे कसं सोडवायचं? गाव जवळ आलं तेव्हा हे म्हणाले, की पोरगी आता त्या घरी जाणार न्हाई, आन् नक्की होईस्तोवर तिच्या कानावर काही घालू नको.

काही दिवसांनी जावई तिला न्यायला आले. लय खुशीत होते. ओसरीवर बसल्या बसल्या स्वतःच सगळं सांगितलं. तरुणपणी सिकंदराबादला पेढीवर असताना शेजारच्या मैदानात चेंडू टाकायला शिकले. आता टोळीतल्या मोठ्या खेळाडूंना सरावाला हेच चेंडू टाकतात, म्हणून ती हैदराबादची ये-जा. सासरी हसतील म्हणून मालाचं नाव सांगायचे. आता शेवटचा सामना म्हमईला, तिथंबी ह्यांना बोलावलं होतं, आन् माघारी घर-दुकान बघायला सिद्धम्मा पाहिजे होती. मी दाराआडून ऐकायले होते. म्हणलं, एक खोटं कबूल केलं, दुसऱ्याचं काय?

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आन् म्हणाले, "जावईबापू, आधी लिंग दाखवा."

जावयांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "जन्मात मला कुणी हे विचारलं न्हाई, मामा. तुमी विचारलं. आता मी दाखवणार न्हाई." आन् उठून जोडे घालायला लागले. मी मनात म्हणलं, बघा! चोराच्या मनात चांदणं. असतं तर दाखवलं नसतं का?

तेवढ्यात सिद्धम्मा माझ्या अंगावरून बाहेर गेली. बापापुढं कधी मान वर न केलेली पोर ती. तिनं सगळ्यांसमोर नवऱ्याचा हात धरला आन् सदऱ्याची बाही वर सारली. डाव्या दंडाला पांढऱ्या फडक्यात लिंग बांधलेलं होतं. दंडाला बांधायची आमच्यात मुभा हाय, ह्यांनाबी ठाऊक होतं. पण आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात, म्हणून दंडाकडं बघायचं कुणाला सुचलंच न्हाई.

"पळताना छातीवर आपटतंय म्हणून मीच बांधते," ती म्हणाली. "मी नसले की ह्यांना एका हातानं गाठ बसत न्हाई, दातानं ओढावी लागती." मग माझ्याकडं वळली. "संक्रांतीपासून मी ह्याच घरात हाय, माय. मला का न्हाई विचारलं?"

मी धावत आत जाऊन ओटीचे तांदूळ आणले, तोवर ती गाडीत बसली होती. ओटी घेतली तिनं, पण माझ्याकडं बघितलं न्हाई.

हैदराबादनं तो सामना एक गडी राखून मारला म्हणे. जावयांचं नाव कुठंच आलं न्हाई, पण परभणीत त्यांनी पेढे वाटले. आमच्याकडं आले न्हाईत.

सिद्धम्मा येते अजून सणावाराला. पाया पडते, चार घास खाते. कसं चाललंय विचारलं की म्हणते, सगळं बरं हाय, माय. तिचं मधलं लेकरू गेलं, ते मला बाजारात परक्या बाईच्या तोंडून कळलं. आता मी नुसती तिच्या तोंडाकडं बघत बसते, खरं सांगायली का खोटं. कळत न्हाई.