मापाचे बूट

घाटकोपरच्या एका बूटवाल्याने मला फसवलं, आणि मी माझ्या सख्ख्या बहिणीला. दोन्ही फसवणुकी एकाच जोडीच्या. ताईला जाऊन आता सहा आठवडे होतील. मुलुंडहून तिच्या शेजारच्या माईंचा सकाळी फोन आला, "दिलीप, ताई उठत नाहीयेत रे..." साकीनाक्याच्या माझ्या नळ-पाइपांच्या दुकानात हातातला नळ तसाच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून मी निघालो. खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. ते मला मान्य आहे. पण शेवटचे चार महिने त्या खुर्चीत का गेले, ते डॉक्टरांना विचारून काय उपयोग? ते मला माहीत आहे.

ताई पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. वडील गेल्यावर घर तिनेच ओढलं, लग्न राहूनच गेलं. मी दहावी नापास. स्टेशनबाहेर फुटपाथवर प्लास्टिकचे मग आणि बादल्या विकायचो. शाळा सुटली की ती सरळ तिथे यायची, पदर खोचून माझ्या जागी बसायची आणि मला जेवायला पाठवायची. तेवढ्या वेळात धंद्याची वाट लावायची. कोणी अर्ध्या भावात मागितलं की देऊन मोकळी. "अगं, विकतेयस की वाटतेयस?" मी ओरडायचो. "चिडतोस काय रे, तिची बादली फुटलीय," ती म्हणायची. भाव करायला मी त्या फुटपाथवर शिकलो आणि त्यावरच हे दुकान उभं केलं. पुढे घरात कोणालाही काही घ्यायचं असलं की ताई सांगायची, "दिल्याला घेऊन जा, तो फसत नाही." हे ऐकायला मला फार आवडायचं.

निवृत्तीनंतर तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण डाव्या पायाचा पंजा वर उचलेना. फूट ड्रॉप म्हणतात त्याला. पाऊल उचललं की पंजा खाली लोंबतो, बोटं जमिनीला घासतात, मग माणूस गुडघा उंच उचलून चालतो आणि पाऊल फटकन आपटतं. हॉस्पिटलात प्लास्टिकची एक पट्टी दिली, पोटरीपासून तळव्याखालपर्यंत जाणारी. "बुटात घालून चाला," एवढंच सांगितलं. कोणत्या बुटात, ते कोणी बोललं नाही. जन्मभर चपला घातलेली बाई. चप्पल बोटांनी धरून ठेवावी लागते, हे आम्हाला ती पायातून सुटायला लागल्यावर कळलं. बूट घ्यावा तर पट्टीसकट डाव्या पायाला सात नंबर लागे, उजव्याला पाच. अंधेरी झाली, बोरिवली झाली... "एक सातचा, एक पाचचा द्या," म्हटलं की दुकानदार माझं डोकं फिरलंय अशा नजरेने बघायचे. एका ठिकाणचा सेल्समन म्हणाला, "आंटी, साधी स्लीपर वापरा ना." ताई म्हणाली, "वापरली हो. ती मागे राहते आणि मी पुढे जाते." सगळं दुकान हसलं. मी भांडून बाहेर आलो.

घरातही पंचाईत. नुसती पट्टी फरशीवर सटकते, म्हणजे आतही बूट हवाच. आमच्यात उंबऱ्याच्या आत पायताण कोणी आणलं नव्हतं. तिने माझ्या मुलाचे जुने, ढगळ कॅनव्हासचे बूट धुऊन घरापुरते ठेवले. भिंत धरून चालायला तेवढे पुरत. माईंनी देव्हाऱ्याकडे बघून नाक मुरडलं, तर म्हणाली, "देवाला चालतंय हो माई. मी पडले तर उचलायला तुम्हालाच यायचंय." बाकी तिचं मागणं एकच होतं. संध्याकाळी कोणाचा हात न धरता बाजारात जायचं आणि आपल्या हाताने मेथीची जुडी निवडून आणायची. बस.

मग कोणीतरी घाटकोपरच्या त्या बूटवाल्याचं नाव सांगितलं, मापावर बूट करून देतो म्हणून. त्याने ताईला वर्तमानपत्रावर उभं केलं, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली, डाव्याचं माप पट्टीसकट घेतलं. बूट थेट बोटांपर्यंत उघडेल, वर दोन पट्टे, आणि अडकू नये म्हणून तळ पुढून जरा उचललेला... माणसाला काम कळत होतं. त्याने भाव सांगितला आणि मी माझं सुरू केलं. दोनदा उठून दारापर्यंत गेलो, दोनदा परत आलो. ताई कानकोंडी झाली. "दिल्या, देऊन टाक ना रे. पाय माझा आहे." "तू गप गं. ह्यांना सवय असते." शेवटी मी त्याला निम्म्यावर आणलं. मापाचा कागद गुंडाळत तो म्हणाला, "ठीक आहे शेठ. बहिणीसाठी करू." मी कॉलर ताठ करून बाहेर पडलो.

बूट दिसायला झकास होते. ताई दोन दिवस बाजारात जाऊन आली. तिसऱ्या दिवशी भाजीवालीसमोरच बुटाचं टोक अडकलं आणि ती पडली. मनगट सुजलं. आठवड्याने सोसायटीच्या गेटात पुन्हा तेच. मी बूट हातात घेऊन बघायला लागलो तर आतला तळ सुटून आला. खाली छापलेला नंबर, सात. दुसऱ्यातही सात. उजव्याच्या टोकात स्पंज कोंबलेला. तयार पुरुषी बूट, वरून पट्टे शिवलेले. त्या कागदावरच्या पावलांना कोणी हातही लावला नव्हता.

"काय रे, बुटात काही आहे का?" ताईने आतून विचारलं.

"काही नाही गं. बूट बरोबर आहे."

"मग पायच माझा वाईट," ती म्हणाली.

आणि मी तळ दाबून परत बसवला. दिल्या फसला, हे मला तिला सांगता येईना. पुढच्या आठवड्यात गुपचूप दुसरे करून आणू, म्हटलं... तो आठवडा आलाच नाही. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बूट अगदी मापाचे आहेत, दिलीपने करून घेतलेत. माझाच पाय ऐकत नाही." तिची मेथी माई आणायला लागल्या.

गेल्या रविवारी ते बूट पिशवीत घालून घाटकोपरला गेलो. त्याने ओळखलं. "बहीण कशा आहेत?" "गेली," मी म्हटलं, आणि त्याच्यासमोर तळ उचकटला. त्याने नाकारलं नाही. "शेठ, तुम्ही म्हणालात त्या भावात दोन पायांचे दोन साचे होत नाहीत. तुम्ही धंद्यातले. वाटलं, तुम्ही समजून घेतलंय."

"मग परवडत नाही म्हणायचं होतंस! दोन शब्द! उठून दुसरीकडे गेलो असतो आम्ही!" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

तो हळू म्हणाला, "तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही का नाही आलात?"

मी बूट तिथेच टाकून निघालो, कोपऱ्यावरून परत फिरलो, उचलून आणले. तेव्हापासून दुकानात बूड टेकत नाही, भाव करताना मध्येच आकडा विसरतो. त्याचा प्रश्न टाळून मला त्याला जाब विचारता येणार नाही, म्हणून आधी माझं सांगतो. ताई, पाय तुझा चांगला होता. बूट खोटा होता आणि मला ते माहीत होतं. आता त्याने बोलावं. कागदावर पेन्सिल फिरवत होतास, ताई खाली वाकून "नीट उभी आहे ना हो मी?" विचारत होती, आणि तू "हो" म्हणालास. तेव्हा भाव ठरायचा होता. ह्या मापाचे बूट तू करणार नाहीस, हे तुला तेव्हाच ठाऊक होतं की नव्हतं? बोल.